हाताला कळेल असं लाकूड

दि. ३ फेब्रुवारी

ती. काका यांस,
चिमणीचा सा. न. वि. वि.

तुम्ही ताईकडे पोहोचल्याचं पत्र मिळालं. आठव्या मजल्यावरून खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात, लिफ्टमध्ये पोटात गोळा येतो, ताईच्या धाकट्याला दात येताहेत, हे सगळं काकूने लिहिलंय. तुमच्या वाट्याला एकच ओळ, 'हवा बरी आहे'. हवेची बातमी तर वर्तमानपत्रातही येते, काका. तेवढ्यासाठी पाकीट चिकटवायचा त्रास कशाला घेतलात?

इकडे वर्कशॉप ठीक चाललंय. तुमच्या मोठ्या रंध्याला रोज तेलाचं बोट लागतं. मागच्या खोलीतली फळ्यांची चळत मधल्या लाकडी चिपांसकट तशीच आहे, एकही हललेली नाही. शेजारचा लोहार तुमची रोज चौकशी करतो. माझ्याशी भांडण्यात त्याला मजा येत नाही म्हणे, मी फार लवकर ऐकते.

पत्र लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. एक काम आलंय आणि मी त्याला नाही म्हणायच्या बेतात आहे. अंध मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई परवा स्वतः वर्कशॉपात आल्या. त्यांच्या शाळेचा जिना तीन मजले चढतो. त्याचा दोन्ही बाजूंचा लोखंडी कठडा गंजून गेलाय, मुलांच्या हातांना ओरखडे येतात. शाळेचे इंजिनीअर म्हणाले स्टीलचे पाइप बसवू, पण बाई म्हणाल्या की स्टील थंडीत हात गोठवतं आणि उन्हात भाजतं. मुलांचा हात दिवसभर कठड्यावर असतो, तेव्हा त्यांना लाकूडच हवंय, आणि तेही सागवान.

काका, तेवढं सागवान आपल्याकडे नाही. शिवाय प्रत्येक मजल्यावर जिना वळतो. वळणाचा कठडा मी आजवर एकटीने केलेला नाही, तुम्ही केलात आणि मी दिवा धरला. आणि हात ठेवणारं मूल जर कठडा सांगेल तसंच पाऊल टाकणार असेल, तर माझी चूक कुणाला महागात पडेल ते तुम्हीच सांगा. बाईंना नम्रपणे नकार कळवावा असं वाटतं. तुमचं मत लगेच लिहा.

काकूला नमस्कार, ताईच्या बाळाच्या दातांना शुभेच्छा. लोभ आहेच, रागावलात तरी तो कमी करू नका.

तुमची,
चिमणी


दि. ११ फेब्रुवारी

चि. चिमणी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूने वाचून दाखवलं. बाईंना हो कळव. नकाराचं पत्र लिहिलं असलंस तर फाड.

सागवान कमी आहे, असू दे. चळतीत हात घातल्याशिवाय मोजू नकोस. उजवीकडे भिंतीला शिसव आहे, त्यामागे फणस. दोन्ही इतकी वर्षं मुरलीत की आता ती वाकडी व्हायची नाहीत. आंबा वापरू नकोस. दिसायला भोळा असतो, पण त्याला किडा लागतो आणि रोजच्या घामाने त्याचे तंतू उभे राहतात. बाभळीच्या मागे लागू नकोस. ती कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि खुंट्यांना राजा. लांब पट्टी काढलीस तर पिळवटून तुझ्याकडे पाठ करील. चिंचेचा गाभा लोखंडासारखा, पण त्याचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की रंधा मारताना कपाळमोक्ष होतो. त्याच्या फक्त ठोकायच्या मोगऱ्या कर.

सागवानावर हात फिरव, बारीक रेघा लागतात आणि बोटाला मेणचटपणा जाणवतो. म्हणून पाण्याला ते दाद देत नाही. शिसव गार लागते, दगडावर हात ठेवल्यासारखी. जड असतं ते लाकूड गारच लागतं. फणस कोमट. टिचकी मारलीस तर बोलतो, म्हणून वाद्यं करणारे त्याला सोडत नाहीत. हे सगळं डोळे मिटून करून बघ. मी इथे बसून नुसतं आठवतो तरी बोटांना कळतं.

वळणाचं घाबरू नकोस. पहिल्या मजल्यावर जिना उजवीकडे वळतो, तिथे खिडकी आहे, तेवढीच जागा अडचणीची. बाकीची दोन सोपी आहेत.

हवा बरी आहे.

तुझा,
काका

ता. क. ओळी वाकड्या आल्या असतील. इथलं टेबल हलतं.


दि. २ मार्च

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

हो कळवलं. तुमच्या जिवावर.

तुमच्या ओळी वाकड्या नव्हत्या, त्या एकमेकींच्या अंगाखांद्यावर चढल्या होत्या. 'शिसव' आणि 'फणस' यांची तर कुस्तीच लागली होती. सुताराच्या घरात टेबल हलतं आणि त्याखाली एक चीप सारायला त्याला जमत नाही, हे मी लोहाराला सांगितलेलं नाही, तुमची अब्रू राखली. आणि एक विचारायचं आहे. तुम्ही त्या शाळेच्या जिन्यावर गेलात कधी? खिडकीबद्दल मी तर काहीच लिहिलं नव्हतं.

आता बातमी. सागवान तळमजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंतच पुरेल असं दिसल्यावर मी बाईंकडे गेले आणि खालमानेने विचारलं की पुढे शिसव आणि सगळ्यात वर फणस लावला तर चालेल का, जरा ठिगळ लावल्यासारखं दिसेल. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं संपलं. मग त्यांनी विचारलं, ही तिन्ही लाकडं हाताला वेगवेगळी लागतात का? मी तुमचंच पत्र म्हणून दाखवलं. त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, छोटी मुलं पायऱ्या मोजत वर जातात, मध्ये कुणी हाक मारली की आकडा विसरतात आणि मग भलत्याच वर्गात जाऊन बसतात. कठड्यानेच मजला सांगितला तर?

काका, आपल्या कमतरतेतून असं काही निघेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

लगेच तिन्ही लाकडांचे हातभर तुकडे केले, गोल केले, चकाचक पॉलिश चढवलं आणि शाळेत नेले. आरशासारखे चमकत होते. मुलांनी हातात घेतले, फिरवले, एकमेकांना दिले. एक मुलगी आहे, सगळे तिला पोपट म्हणतात. तोंड क्षणभर मिटत नाही. ती म्हणाली, ताई, तीनही बाटल्याच आहेत. सगळी मुलं हसली. मीही हसले, पण घरी येऊन डोळे मिटून तुकडे चाचपले. पॉलिशच्या थराखाली लाकूड हाताला लागतच नव्हतं.

आता काय करू? इंजिनीअरसाहेब म्हणतात खाचा पाडा, पहिल्या मजल्याला एक, दुसऱ्याला दोन. माणूस चांगला आहे, मनापासून सुचवतो. लवकर लिहा.

काकूला नमस्कार. आमच्यावर असलेली माया हलत्या टेबलावर ठेवू नका, पडेल.

तुमची,
चिमणी


दि. १२ मार्च

चि. चिमणी,
अनेक आशीर्वाद.

पोपटला माझा नमस्कार सांग. पॉलिशचे पैसे घेणाऱ्या निम्म्या लोकांना जे कळत नाही ते तिने एका शब्दात सांगितलं.

सगळं पॉलिश खरवडून काढ. पॉलिश पेपर बारीक, त्याहून बारीक, मग ओलं फडकं फिरव म्हणजे बसलेले तंतू उभे राहतील. वाळलं की ते पुन्हा घास. मग फक्त जवसाचं तेल, गरम करून, चिंधीने चोळायचं. मुरू द्यायचं, जास्तीचं पुसून घ्यायचं, पुन्हा चोळायचं. शेवटी मेणाचा नुसता हात. तेल लाकडाच्या आत जातं, वर बसत नाही. पुढचं पॉलिश मुलंच करतील. शेकडो हात रोज फिरले की लाकडाला जी झळाळी येते ती कुठल्या डब्यात मिळत नाही.

खाचा नकोत. खाचेत मळ बसतो आणि तिथून चीर जाते. पण साहेबांना तोडून बोलू नकोस. भार कुठे येतो ते त्यांना विचार, ते त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं.

वळणाची शिसव निवडताना

(पत्र इथेच राहिलं होतं. ते झोपले आहेत. डोकं दुखत होतं. मी तसंच टाकते आहे, वेळ जायला नको. — काकू)


दि. ९ एप्रिल

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

आधी चांगलं सांगते, म्हणजे पुढचं वाचायचा धीर येईल.

तेलाचे तुकडे घेऊन पुन्हा शाळेत गेले. पोपटने पहिला तुकडा हातात घेतला आणि तोंड मिटलं. खरंच मिटलं! मग गालाला लावला. म्हणाली, हा गार आहे, हा म्हणजे आमच्या बाईंचा हात. दुसऱ्यावर नख फिरवून म्हणाली, याच्या अंगावर वही आखलीय. तो सागवान. फणसाला तिने वास घेतला, टिचकी मारली, कानाशी धरला, आणि तो परतच देईना. मग सगळ्या वर्गाने पाठीमागून तुकडे बदलून एकमेकांची परीक्षा घेतली. एकही चुकलं नाही. मी आयुष्य लाकडात काढलं असं म्हणते, पण त्या तासाभरात मला लाकूड नव्याने भेटलं. बाईंचे डोळे भरले होते, इंजिनीअरसाहेब चष्मा पुसत बसले होते.

त्या आनंदात मी घाई केली. तुमचं पत्र अर्धवट आलं होतं. पुढचं येईल म्हणून थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. खिडकीच्या वळणासाठी चळतीतली सगळ्यात रुंद शिसवाची फळी काढली. तीच, काळसर लाटा असलेली, जिच्यावर तुम्ही कुणालाही चहाचा कप ठेवू दिला नाहीत. त्यातून अख्खं वळण एका तुकड्यात कापलं. सांधा नाही, जोड नाही, अगदी घोड्याच्या मानेसारखं दिसत होतं. जिन्यावर बसवून पाहिलं. इंजिनीअरसाहेबांनी भार बघायला त्यावर अंग टाकलं आणि काडकन आवाज आला. वळणाच्या मध्यावर आडवी चीर, दोन तुकडे. साहेबांचा चेहरा माझ्याहून पडला. बिचारे दहादा माफी मागत होते. पण त्यांनी तेव्हा अंग टाकलं म्हणून बरं झालं, काका. तिथे एखादं मूल रेललं असतं तर?

आणि आता दुसरी गोष्ट, जी लिहिताना मला रडू येतंय आणि रागही.

मोडलेला तुकडा हातात घेऊन मी पायरीवर बसले होते. बाई शेजारी येऊन बसल्या आणि सहज म्हणाल्या, काकांना कळवा ना, ते सांगतील. मग त्यांनी विचारलं, आता त्यांचे डोळे कसे आहेत? मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग त्यांनी सांगितलं. इथून जाण्याआधी तुम्ही एकदा त्यांच्याकडे आला होतात. या वयात माणूस न बघता चालायला शिकू शकतो का, एवढंच विचारलंत. त्या म्हणाल्या, शिकतो, दार उघडं आहे. तुम्ही डोळे मिटून त्या गंजलेल्या कठड्याला धरून वरपर्यंत गेलात, खाली आलात, हात झटकलात आणि म्हणालात, आधी हे बदला, माझी पुतणी चांगलं करून देईल.

म्हणजे काम तुम्ही पाठवलंत. खिडकी तुम्हाला हाताने माहीत होती. टेबल हलत नव्हतं. आणि ही 'हवा बरी आहे'!

मला काहीच का सांगितलं नाहीत? काम पूर्ण करेन, पण तुम्ही उत्तर द्याल तेव्हाच पुढचा रंधा उचलीन.

चिमणी


दि. १६ एप्रिल

चि. चिमणी,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बदललंय. मी सांगतोय आणि तुझी काकू लिहितेय. (सांगत नाहीत, फर्मावताहेत. — काकू) तिला मध्ये मध्ये बोलायची सवय आहे, कागदावरही ती जाणार नाही.

काचबिंदू आहे. बाजूचं हळूहळू गेलं, मधलं थोडं उरलंय. नळीतून बघावं तसं. (सकाळी माझ्या पायावर पाय देतात आणि वर मलाच म्हणतात, मध्ये का येतेस.) गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. थेंब घालून उरलेलं राखायचं. मला ते सरळ सांगणं आवडलं.

तुला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू काम सोडून इथे येऊन बसली असतीस. वर्कशॉप मी तुझ्यावर सोपवलं ते हात थकले म्हणून, असं तुला वाटावं. मला कीव नको होती आणि तुझी तर नकोच. (खोटं. रडेल ती, असं म्हणून स्वतःच रडले. मी पाहिलंय. हे खोडायला सांगताहेत, मी खोडत नाही.)

आता शिसवाचं. फळी मोडली त्याचं सुतक पाळू नकोस. फळ्या कापायसाठीच ठेवतात. मी ती उगाच देवासारखी बसवून ठेवली होती. पण का मोडली ते समजून घे. लाकडाची ताकद त्याच्या रेषांच्या लांबीत असते. गवताची काडी लांबीत ओढ, तुटत नाही. आडवी मुरगळ, तुटते. तू एका फळीतून कमान कापलीस तेव्हा मध्यावर रेषा आडव्या आल्या, दोन बोटांएवढ्या आखूड. तिथे ते लाकूड नुसतं चिकटून होतं. वळण लहान तुकड्यांचं कर. प्रत्येक तुकडा असा काप की त्याच्या रेषा वळणाच्या सोबत जातील. टोकं तिरकी कापून एकमेकांवर चढव, आतून बाभळीच्या खुंट्या घाल, शिकंज्यात दाबून ठेव. मोडक्या फळीतूनच तुकडे निघतील, म्हणजे रंग जुळेल. सांधा किती घट्ट आहे ते बघून ठरवू नकोस. डोळा फसतो, बोट फसत नाही.

इथलं सांगतो. ताईच्या घरात सगळं दाबून केलेल्या भुशाचं फर्निचर, त्याला ना वास ना आवाज. मी अगदी उपाशी झालो होतो. मग समोरच्या आजींनी बसायला एक जुनी खुर्ची दिली. हात लावला आणि ओळखलं, शिवणीच्या झाडाची. हलकी, मऊ, कधी वाकडी न होणारी. माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. आता बिल्डिंगमधले लोक आपापल्या खुर्च्या-टेबलांवर माझा हात फिरवून घेतात. (डॉक्टरने नाडी बघावी तसं चालतं, नंतर चहा.) पाचव्या मजल्यावरच्या मास्तरांचं शिसवाचं टेबल होतं, वडिलांच्या आठवणीचं. हात लावला तर तो रंगवलेला आंबा. (आणि हे म्हणाले, मास्तर, काय सुरेख जोडलंय, करणाऱ्याने जीव ओतलाय!) जोडलं होतंच सुरेख. खोटं बोललो नाही.

रंधा उचल आता. आमचा जीव तुझ्यातच आहे, तो जपून वापर.

काका
(आणि मीही, तुझी काकू)


दि. २० मे

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

माझा राग तुमचं पत्र वाचताना तिसऱ्या कंसापर्यंत टिकला. काकूला म्हणावं, मी ते पत्र लोहाराला वाचून दाखवलं. पायावर पाय दिल्याच्या ओळीला तो एवढा हसला की भाता बंद पडला. मग उठून मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, म्हाताऱ्याला सांग, भांडायला डोळे लागत नाहीत.

वळण झालं. मोडक्या फळीतूनच तुकडे काढले. प्रत्येक तुकडा हातात घेऊन रेषा कुठे निघाल्यात ते आधी पाहिलं, मगच करवत लावली. इंजिनीअरसाहेब रविवारी आपण होऊन आले, बाह्या सरसावल्या आणि शिकंजे आवळू लागले. त्यांनीच हिशेब करून दाखवलं की वळणाखाली आणखी एक आधार हवा, कारण मुलं वळताना अंगाचा भार आतल्या बाजूला टाकतात. लोहाराने तो आधार असा घडवला की हाताला कुठेच अडत नाही. सांध्यांतला सरस सुकल्यावर साहेब पुन्हा त्यावर रेलले, मग मीही रेलले, मग लोहार येऊन चक्क लोंबकळला. चूं की चां झालं नाही.

फणसाची पट्टी मी सगळ्यात शेवटी घेतली. ते लाकूड रंध्याखाली इतकं गुणी वागतं की काम संपू नये असं वाटतं. भुसा पिवळाधमक, दोन दिवस माझे हात हळद लावल्यासारखे होते. आता तेल पिऊन तो मधासारखा झालाय, आणि पुढे आणखी गडद होत जाईल. शिसव तर दिमाखात बसलीय. आणि सागवानाबद्दल काय लिहू? ना तक्रार, ना नखरा. जिथे बसवलं तिथे असं बसलंय जणू जन्मापासून तिथेच होतं.

आता काम आहे तुमच्याकडे. शाळा सुट्टीनंतर उघडायच्या आत सगळा कठडा एकदा तपासायचाय. कुठे कुसळ राहिलं असेल, कड बोचत असेल, तर मला आता दिसत नाही. महिनोन्महिने तेच बघून माझी नजर बधिर झालीय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलावत नाहीये, तेवढी मी चांगली नाही. मला तुमचा हात हवाय. ताईच्या मिस्टरांची या बाजूला फेरी आहेच, त्यांच्या गाडीतून या.

माझ्यावरचा जीव तसाच राहू द्या, येताना फक्त हात घेऊन या.

तुमची,
चिमणी


दि. १४ जून

ती. काकूस,
चिमणीचा सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याने तुला येऊ दिलं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहायचं वचन दिलं होतं. काका शेजारच्या खोलीत झोपलेत, घोरणं ऐकू येतंय, तेव्हा काळजी नको.

शाळा भरायच्या आधीच आम्ही गेलो. जिना रिकामा होता. काकांनी चपला खाली काढल्या, बाही वर केली आणि उजवा हात सागवानावर ठेवला. मी मागे पॉलिश पेपर घेऊन. पुढे काय सांगू, काकू! तो हात चालत होता की वाचत होता, मला कळेना. बोटं वर, अंगठा खाली, तळवा बाजूला, एकदम संथ. पाच-सहा पायऱ्यांवर थांबले आणि म्हणाले, इथे खालून एक तंतू उठलाय. मी वाकून पाहिलं, दिसला नाही. बोट लावलं तर होता. घासला. पुढे गेलो. शिसव लागली तशी नुसतं 'हं' म्हणाले, जुना मित्र रस्त्यात भेटावा तसं.

मग ते वळण आलं. त्यांचा हात वळणावरून फिरला आणि पुढे गेला. चार पायऱ्या चढून ते थांबले, परत खाली आले, पुन्हा हात फिरवला. मग नख फिरवलं. मग दोन्ही हात. मला विचारलं, तू तुकड्यांचं करणार होतीस ना? मी हो म्हटलं. तर म्हणाले, मग सांधे कुठे आहेत?

काकू, लहानपणापासून माझा प्रत्येक सांधा त्यांनी नखाने शोधून काढलाय. मी म्हटलं, काका, तुमच्या हाताखालून गेले सगळे. ते तिथेच पायरीवर बसले, माझा हात ओढून घेतला आणि माझी बोटं एकेक करून चाचपत राहिले, जणू ती कुठल्या झाडाची आहेत ते बघत होते. मग एवढंच म्हणाले, तुझा बाप आज हवा होता, त्याला दाखवलं असतं.

तेवढ्यात घंटा झाली आणि मुलं आली. असा गलका! प्रत्येक जण कठड्यावर हात ठेवून मजला ओरडत होता, वही, वही, वही, आणि वळणापाशी शिसव लागली की, बाईंचा हात! पहिलीतली दोघं तर नुसती वर-खाली करत होती. बाई खाली उभ्या राहून ऐकत होत्या, त्यांनी कुणालाच रागावलं नाही.

काका उठून वर निघाले आणि पोपट येऊन त्यांच्यावर आदळली. तिने विचारलं, कोण आहात? काका म्हणाले, सुतार. ती म्हणाली, सुतार असाल, पण चुकीच्या बाजूने चढताय. चढणाऱ्यांनी डावीकडून जायचं, उजवी बाजू उतरणाऱ्यांची. आपल्या काकांना कुणी बाजू दाखवलेली मी जन्मात पाहिली नव्हती. ते मुकाट्याने डावीकडे सरकले. मग तिने त्यांचा हात धरून भिंतीकडच्या पट्टीवर ठेवला आणि वर नेत सगळं समजावून सांगायला लागली. ही शिसव, गार असते कारण जड असते. आता फणस येईल, तो बोलतो, टिचकी मारून बघा. अशी नाही आजोबा, नखाने मारा. आणि काका टिचकी मारत होते, कान लावत होते, आणि विचारत होते, मग हा कोमट का लागतो? पाऊल टाकायच्या आधी तुला पायरी कशी कळते? अंगावर कुणी येतंय हे तू कशावरून ओळखतेस? ती सांगत होती आणि ते ऐकत होते. लाकडाचं त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी एकदाही तसं दाखवलं नाही. बाकीचं त्यांना खरंच माहीत नव्हतं. तुला सांगते काकू, त्यांची इतकी सुंदर कामं मी पाहिलीत, पण त्या वेळी ते मला जेवढे मोठे दिसले तेवढे कधीच दिसले नव्हते.

वरून खाली आल्यावर ते स्वतः बाईंपाशी गेले. दार अजून उघडं आहे का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, उद्या सकाळी या. दुपारी मोठ्या मुलांना लाकूडकाम शिकवायचं आणि सकाळी स्वतः शिकायचं, असं दोघांनी माझ्यासमोर ठरवून टाकलं. मला विचारलंदेखील नाही.

तेव्हा ताईला समजावून सांग, गुडघा बरा झाला की तूही निघून ये. मागची खोली मोकळी केलीय, चळतीतल्या फळ्या निम्म्या झाल्यात, तुझा पलंग आरामात मावतो. तोवर काळजी करू नकोस. थेंब मी वेळेवर घालते. सकाळी शाळेत उशीर होऊ नये म्हणून त्यांनी झोपण्याआधी सदरा स्वतः काढून ठेवलाय. पोपटने वर्गात आपल्या शेजारची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवली आहे, आणि पहिल्याच दिवशी उशिरा आलेलं चालणार नाही असं बजावलंय.

आम्हा दोघांवरची तुझी माया अशीच राहो, रागावायला मात्र लवकर ये.

तुझी,
चिमणी